पेव आणि यखचाल : साठवलेल्या गारव्याचा हिशेब

१

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण मराठीत सहज वापरतो. कवितासंग्रहांचे पेव फुटते, चर्चासत्रांचे पेव फुटते, शिकवणी वर्गांचे पेव फुटते. बोलणाऱ्याच्या स्वरात बहुधा थोडी नापसंती असते. ज्या वस्तूवरून हा वाक्प्रचार आला ती वस्तू मात्र तो वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पाहिलेली असते. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले कोठार. तोंड अरुंद, पोट मोठे, आत कडबा किंवा पाचट यांचे अस्तर, वर दगडी झाकण आणि त्यावर माती. बंद करताना ते जितके निमूट असते तितकेच उघडताना उदंड वाटते. वाक्प्रचाराच्या मुळाशी हाच अनुभव असावा.

गोविंद बल्लाळ देवलांचे जन्मगाव म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगलीजवळचे हरिपूर ठाऊक असते. व्यापाऱ्यांना तेच गाव हळदीच्या पेवांसाठी ठाऊक आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळद जमिनीखाली वर्षानुवर्षे साठवली जात असे, आणि ती किडत नसे. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या पेवांची आठवण पुन्हा निघाली. कोठार बांधायला लाकूड नको, छप्पर नको, आणि चालवायला इंधन नको, अशी ही व्यवस्था. उष्ण प्रदेशात वीज न जाळता माल टिकवायचा कसा, हा प्रश्न आज शीतगृहांच्या संदर्भात वारंवार विचारला जातो, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा एका शब्दात दिले जाते : जमिनीखाली.

हे उत्तर पूर्णपणे चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. प्रस्तुत लेखात या अपुरेपणाचा इतिहास पाहायचा आहे. जमिनीखालचे कोठार गारवा निर्माण करत नाही. दुसरीकडून आणलेला गारवा ते सांभाळते. हा गारवा कोठून आणला आणि तो आणण्यासाठी कोण राबले, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय अशा कोठारांची गोष्ट पुरी होत नाही. त्यांपैकी पहिला प्रश्न स्थापत्याचे अभ्यासक विचारतात. दुसरा विचारण्याची सवय मात्र साहित्याच्या वाचकाला असायला हवी.

२

प्रथम जमिनीचा स्वभाव लक्षात घेऊ. उन्हाळ्यात वरची माती तापते, हिवाळ्यात निवते. पण माती उष्णतेला सावकाश वाट देते, त्यामुळे हा चढउतार खाली जाताना मंदावत जातो. काही मीटर खोल गेल्यावर दिवसरात्रीचा फरक तर उरतच नाही, ऋतूंचा फरकही पुष्कळ पुसट होतो, आणि जो उरतो तो काही महिने उशिराने पोहोचतो. त्या खोलीवर जे तापमान असते ते साधारणपणे त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीएवढे असते.

येथेच गैरसमजाला सुरुवात होते. वैशाखात तळघरात उतरलेल्या माणसाला वाटते, आत थंडी आहे. वस्तुतः आत वर्षाची सरासरी असते, आणि बाहेरच्या भट्टीच्या तुलनेत ती सुखद वाटते. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात ही सरासरी पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. एवढ्या तापमानात हळद टिकेल, ज्वारी टिकेल. दूध टिकणार नाही, पालेभाजी टिकणार नाही, मासळी तर नाहीच.

मग पेव टिकवते ते कशाच्या बळावर? कोरडेपणाच्या आणि श्वास कोंडण्याच्या. बंद पेवात धान्य आणि त्यातली कीड दोन्ही श्वास घेत राहतात. प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि किडीचा जीव गुदमरतो. पेवाची सारी किमया या बंद तोंडात आहे. म्हणूनच ते उघडणे धोक्याचे असे. पेवाचे तोंड बराच वेळ मोकळे ठेवून आत दोरीने दिवा सोडायचा. दिवा विझला तर माणसाने उतरायचे नाही, हा रिवाज अनुभवातूनच आलेला आहे. ज्या हवेने कीड मरते त्याच हवेत पहिला उतरणारा हमाल असतो, ही गोष्ट पेवाच्या गुणवर्णनात सहसा येत नाही.

दुसरी मर्यादा पाण्याची. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि पुष्कळ पेवे निकामी झाली. जमिनीखालच्या कोणत्याही कोठाराचा खरा शत्रू ऊन नसून ओल असते. ओली माती उष्णता वेगाने वाहून नेते, ओले पाचट आपला गुण गमावते, आणि पावसाळ्यात वर येणारी भूजलाची पातळी भिंतीबाहेर थांबत नाही. काळ्या मातीच्या प्रदेशात तर जमीनच पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. त्यामुळे जमिनीखालचे कोठार ही कोठेही उचलून ठेवता येणारी युक्ती नाही. तिला स्थळ लागते.

३

तिला सर्वांत योग्य असे स्थळ इराणच्या पठारावर मिळाले. यझ्द, मेबोद, अबरकुह, केरमान या वाळवंटी भागांत आजही मातीचे उंच शंक्वाकार घुमट दिसतात. त्यांना यखचाल म्हणतात. फारसीत ‘यख’ म्हणजे बर्फ आणि ‘चाल’ म्हणजे खड्डा. (आपण मराठीत घेतलेला ‘बर्फ’ हा शब्दही फारसीच, पण तेथे ‘बर्फ’ म्हणजे आकाशातून पडणारे हिम, आणि गोठलेले पाणी ते ‘यख’. आपल्याकडे हिम पडत नसल्याने हा भेद गळून गेला असावा.) आजच्या इराणमध्ये घरातल्या विजेच्या फ्रिजलाही यखचालच म्हणतात. खड्ड्याचे नाव यंत्राला चिकटले, आणि भाषेने एक इतिहास जपून ठेवला.

यखचालचा घुमट लांबून पाहणाऱ्याला तोच सर्वस्व वाटतो. प्रत्यक्षात तो एका मोठ्या रचनेचा तिसरा भाग आहे. पहिला भाग पाण्याचा. डोंगराच्या पायथ्याचे भूजल मंद उताराच्या भूमिगत कालव्याने मैलोगणती आणायचे, ही कनातीची पद्धत. मराठी वाचकाला तिची कल्पना मलिक अंबरने खडकीत (म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात) सतराव्या शतकात बांधलेल्या नहरीवरून करता येईल. इराणच्या कनातींना २०१६ साली जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

दुसरा भाग उथळ तळ्यांचा आणि एका उंच भिंतीचा. ही भिंत पूर्व-पश्चिम धावते, आणि तिच्या उत्तरेला तळी असतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो. भिंतीची सावली दिवसभर तळ्यांवर राहते, आणि जमीन तापत नाही. रात्री या तळ्यांत बोटभर-दोन बोटे पाणी सोडायचे. वाळवंटाची हवा कोरडी, आकाश निरभ्र. अशा रात्री पाण्याच्या पृष्ठभागातून उष्णता थेट आकाशाकडे निघून जाते, आणि हवा गोठणबिंदूच्या किंचित वर असली तरी पाणी गोठू शकते. पहाटे बर्फाचे पापुद्रे फोडायचे आणि आत न्यायचे.

तिसरा भाग म्हणजे घुमट आणि त्याखालचा खोल खड्डा. भिंती कच्च्या विटांच्या, तळाशी दोन-दोन मीटर जाड. त्यांवर सारूज नावाचा लेप : चिकणमाती, वाळू, चुना, राख, बकरीचे केस आणि अंड्याचा पांढरा बलक यांचे मिश्रण, पाण्याला दाद न देणारे. खड्ड्यात बर्फाचे थर आणि मध्ये पेंढा. तळाशी वितळलेल्या पाण्याला वाट. घुमटाच्या माथ्याशी गरम हवेला वाट. थंड हवा जड असल्याने खड्ड्यात तळाशी बसून राहते. दार उघडले तरी ती सांडत नाही. उभ्या कपाटाचे दार उघडल्यावर गार हवा पायांवर ओघळते, हा अनुभव आपल्याला रोजचा आहे. खड्ड्याला हा तोटा नाही.

या रचनेत भौतिकशास्त्राची दोन साधी सत्ये वापरली आहेत. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापेल. म्हणजे बर्फ हा गारव्याचा अत्यंत दाट साठा आहे. आणि ढिगाची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर त्याचा पृष्ठभाग चौपट होतो, पण आकारमान आठपट होते. म्हणजे ढीग जितका मोठा तितके त्याचे वितळणे मंद. यामुळे यखचाल ही घराघराची वस्तू होऊ शकत नव्हती. ती गावाची किंवा धनिकाची असायची. तिच्या आकारातच समाजरचना गृहीत होती.

मुद्दा असा, की जमीन येथे शेवटी येते. गारवा दिला तो पौषातल्या आकाशाने. जमिनीने आणि मातीच्या भिंतीने तो आषाढापर्यंत सांभाळला. यखचाल ही एका ऋतूतून दुसऱ्या ऋतूत काही नेण्याची सोय आहे, आणि या अर्थी ती पेवाचीच बहीण आहे.

४

इराणमध्ये हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, म्हणून हे शक्य झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून गंगेच्या काठचे उदाहरण अधिक बोलके आहे. १७७५ साली सर रॉबर्ट बार्कर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. हिंदुस्थानात बर्फ कसा तयार करतात, हा त्याचा विषय. बार्कर हे कंपनीच्या बंगालमधील फौजेचे सेनापती होते. अलाहाबादेस (आजचे प्रयागराज) आपण कधी तळ्यात नैसर्गिक बर्फ पाहिला नाही, तरीही थंडीच्या तीन महिन्यांत तेथे रोज बर्फ जमवला जातो, हे त्यांनी नोंदवले.

पद्धत अशी. मोकळ्या मैदानात सुमारे तीस फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल खाचरे खणायची. तळाशी ऊस किंवा मक्याची वाळलेली चिपाडे सुमारे फूटभर पसरायची. त्यांवर बिनझिलईच्या मातीच्या उथळ परळांच्या रांगा मांडायच्या. परळाची जाडी पाव इंच, खोली सव्वा इंच. संध्याकाळी उकळून निववलेले पाणी त्यांत ओतायचे. सूर्योदयापूर्वी पापुद्रे टोपल्यांत गोळा करायचे आणि चौदा-पंधरा फूट खोल खड्ड्यात न्यायचे. या खड्ड्याला पेंढ्याचे आणि घोंगडीचे अस्तर. बर्फ आत ठोकून ठोकून बसवायचा, म्हणजे तो आपल्याच थंडीने एकसंध होतो. वर पेंढा, घोंगडी, आणि सर्वांवर गवताचे छप्पर.

येथे जमिनीचे दोन उपयोग एकमेकांच्या उलट आहेत, हे पाहण्यासारखे आहे. उथळ खाचरात जमीन तोडायची असते : चिपाडांचा थर परळाला खालच्या उबदार मातीपासून अलग करतो. खोल खड्ड्यात जमीन जोडायची असते : ती वरच्या उन्हापासून आडोसा देते. एकाच मातीला दोन कामे लावण्याची ही जाण कोणत्याही ग्रंथात लिहिलेली नव्हती.

कारणाविषयी मात्र विद्वानांत बराच काळ गोंधळ होता. सच्छिद्र परळातून पाणी झिरपते आणि बाष्पीभवनाने गारवा येतो, असा तर्क प्रचलित होता. विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ साली दवावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात त्याला आक्षेप घेतला. बर्फ करणारे लोक चिपाडे कटाक्षाने कोरडी ठेवतात. ती ओली झाली तर बर्फ नीट धरत नाही. बाष्पीभवन हेच कारण असते तर ओलाव्याने मदत व्हायला हवी होती. उष्णता आकाशाकडे उत्सर्जित होते, हे वेल्स यांचे उत्तर, आणि ते आजही मान्य आहे. सिद्धान्ताचा पुरावा अशा रीतीने अलाहाबाद-बनारसच्या कारागिरांच्या सवयीत सापडला. त्या कारागिरांपैकी एकाचेही नाव निबंधात येत नाही.

त्यांचा चेहरा आपल्याला किंचित दिसतो तो फॅनी पार्क्स यांच्या १८५० साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात. अलाहाबादच्या खाचरांवर देखरेख करणारा एक म्हातारा आबदार त्यांनी रंगवला आहे. संध्याकाळी तो येरझारा घालत वाऱ्याचा अंदाज घेतो. परळ भरण्याचा खर्च मोठा असतो, आणि वारा सुटला तर तो वाया जाणार. वारा वाढेल असे वाटले तर तो अंगावरचे पांघरूण आवळून हुक्का ओढायला खोपटात परततो. हवेत बोचरेपणा जाणवला तर ढोल वाजवतो, आणि बाजारातले मजूर परळ भरायला येतात. पहाटे तीनच्या सुमारास तो बर्फाची जाडी तपासतो, पुन्हा ढोल वाजतो, आणि कुडकुडणारी माणसे टोपल्या घेऊन खाचरांत उतरतात. बर्फाला पार्क्स ‘पीक’ म्हणतात. वाचताना आपल्याला हसू येते, कारण त्यांनी ते गमतीनेच लिहिले आहे. पण हवामानावर नजर लावून बसलेला म्हातारा, रात्रीची पाळी, उघडे पाय आणि पहाटेचे पीक, हे सारे शेतीचेच चित्र आहे. आणि पिकाचा उपभोग घेणारा येथेही वेगळाच आहे.

५

बर्फाची ही वाटणी जुनीच आहे. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात मारी येथील झिम्रीलिम राजाने तेरका या गावी बर्फघर बांधले, आणि पूर्वी कोणत्याही राजाने असे बांधले नव्हते अशी फुशारकी कोरून ठेवली. जगातल्या सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी हा एक. त्यात राजा आहे, बर्फ आहे. बर्फ तोडणारा नाही.

आपल्याकडे बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त, पाचव्या उच्छ्वासात, प्रभाकरवर्धन दाहज्वराने अंथरुणाला खिळलेला आहे. त्या महालाच्या वर्णनात हिमाने वेढलेल्या पात्रांत ताक गार होत असल्याचा उल्लेख येतो. बाणाच्या लांबच लांब समासांतून सरकताना वाचक हा तपशील सहज ओलांडतो. पण स्थाण्वीश्वरासारख्या सपाटीवरच्या नगरात हिम आले कोठून? डोंगरातून ते कोणी वाहून आणले, वाटेत किती विरघळले, हे बाण सांगत नाही. त्याला ते सांगायचेही नाही. वैभव निरुपयोगी ठरल्याचे कारुण्य त्याला दाखवायचे आहे. तरीही तो एक तपशील वाचकासाठी एका लांब वाटेचे दार किलकिले करून ठेवतो.

‘आईन-इ-अकबरी’ची वृत्ती वेगळी. अबुल फजल हा हिशेबी लेखक. आबदारखान्याच्या प्रकरणात तो प्रथम सोऱ्याने पाणी गार करण्याची रीत सांगतो : जो सोरा दारूत आग निर्माण करतो त्यालाच बादशहाने गारव्याच्या कामी लावले, हा विरोधाभास त्याला आवडलेला दिसतो. मग दरबार लाहोरला गेल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून, सुमारे पंचेचाळीस कोसांवरून, बर्फ कसा येऊ लागला ते तो लिहितो. नदीमार्गाने दहा नावा, प्रत्येकीवर चार नावाडी. शिवाय खुष्कीच्या वाटेने गाड्या आणि माणसे. कोणत्या वाटेने किती वितळते आणि किती दाम पडतात, हेही. अबुल फजलला नावाड्यांविषयी कळवळा असण्याचे कारण नाही. पण त्याच्या हिशेबात ते चार जण येतात, आणि एवढ्यामुळेच आपल्याला ते माहीत आहेत.

आणि एक जुने उदाहरण चीनमधले. ‘शिजिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहात ‘सातवा महिना’ नावाची एक दीर्घ कविता आहे. शेतकऱ्याचे वर्ष महिन्यामहिन्याने सांगणारी. तीत भर हिवाळ्यात बर्फ फोडण्याचे आणि पुढच्या महिन्यात तो कोठारात ठेवण्याचे काम येते, नांगरटीच्या आणि विणकामाच्या रांगेतच. कोल्हे मारायचे आणि त्यांच्या कातड्याचा अंगरखा धन्याच्या मुलासाठी शिवायचा, हेही त्याच कवितेत आहे. बर्फ कोणासाठी, हे वेगळे सांगावे लागत नाही. बर्फघराकडे बर्फ तोडणाऱ्याच्या बाजूने पाहणारे इतके जुने लेखन मला दुसरे आढळलेले नाही. एकाच वस्तूचे शिलालेख, गद्यकाव्य, हिशेब आणि लोकगीत असे चार नमुने समोर ठेवले, तर कोणत्या वाङ्मयप्रकारात कोण दिसतो आणि कोण दिसत नाही, याचा एक चांगला पाठ वर्गात घेता येईल.

६

अलाहाबादची खाचरे नंतर फार काळ टिकली नाहीत, आणि त्याचे कारण आरंभी यंत्र नव्हते. १२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले. दोनदा विषुववृत्त ओलांडून चार महिन्यांनी ते कलकत्त्याला पोहोचले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. फ्रेडरिक ट्यूडर हा या व्यापाराचा प्रणेता. न्यू इंग्लंडच्या तळ्यांत गोठलेले पाणी घोड्यांच्या नांगराने कापायचे, भुशात पुरायचे, आणि जेथे उन्हाळा आहे तेथे विकायचे, असा त्याचा धंदा. जहाजाचा तळ हेच येथे फिरते पेव झाले. कलकत्त्याच्या युरोपीय रहिवाशांनी त्यासाठी वर्गणीतून बर्फघर उभारले. मद्रासला १८४२ साली समुद्रकाठी गोल बर्फघर झाले. १८९७ साली स्वामी विवेकानंद तेथे उतरले होते, आणि आज ती वास्तू त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मुंबईत गोदीजवळ घुमटाचे बर्फघर होते. ते पाडले गेले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि पाहुण्यांना सर्दी झाली, ही त्या काळातली कथा मुंबईच्या इतिहासप्रेमींत अजून सांगितली जाते.

या बर्फघरांना जमिनीची तेवढी गरज नव्हती. जाड दुहेरी भिंती आणि भुसा पुरत असे, कारण साठा संपायच्या आत दुसरे जहाज येई. ऋतूंवर मात करण्याचे काम आता खड्ड्याऐवजी अंतराने केले. इकडचा उन्हाळा आणि तिकडचा हिवाळा यांची अदलाबदल जहाजे करू लागली. थोरो याने ‘वॉल्डन’मध्ये आपल्या तळ्यावर आलेल्या बर्फकाप्यांचे वर्णन केले आहे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात शंभर आयरिश मजूर रोज तेथे येत. मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे उकाड्याने त्रासलेले लोक आपल्या तळ्याचे पाणी पितील, या कल्पनेने तो हरखतो, आणि त्या ओघात आपल्या भगवद्गीतेच्या वाचनाशी तिची सांगड घालतो. पाठ्यपुस्तकांत हा उतारा पूर्व-पश्चिम मीलनाचा म्हणून वाचला जातो. तो श्रमाचा म्हणूनही वाचता येईल, कारण ती शंभर माणसे थोरोने मोजली आहेत.

१८७८ साली कलकत्त्यात बंगाल आइस कंपनीने यंत्राने बर्फ करायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच अमेरिकी बर्फ बाजारातून हटला. तोपर्यंत गंगेकाठचा आबदार केव्हाच बाजूला पडला होता. गारवा आता ऋतूवर अवलंबून राहिला नाही. तो कोळशावर आणि पुढे विजेवर अवलंबून राहू लागला. साठवण्याची कला विसरली गेली, कारण हवा तेव्हा गारवा निर्माण करता येतो अशी खात्री झाली होती.

७

आज ही खात्री थोडी डळमळीत झाली आहे. वीज महाग आहे, ग्रामीण भागात ती खंडित होते, आणि उन्हाळे तीव्र होत आहेत. म्हणून पुन्हा जमिनीखाली पाहिले जात आहे. इतिहासाने काही उपयोगी गोष्टी नक्कीच सांगितल्या आहेत. आपल्या हवामानात जमीन एकटी शीतगृह होणार नाही. पण यंत्राने तयार केलेल्या गारव्याची गळती ती खूप कमी करील. रात्री, हवा गार असताना यंत्र चालवून बर्फ साठवावा आणि दिवसा तो वितळू द्यावा, ही आजच्या अभियंत्यांची रीत मुळात यखचालचीच आहे. दार वरून ठेवावे, वितळलेल्या पाण्याला वाट द्यावी, अस्तर कोरडे राखावे, मोठा साठा एकत्र ठेवावा. आणि सर्वांत आधी भूजलाची पातळी पाहावी. दिल्लीच्या पुसा संस्थेने १९८० च्या दशकात विटांच्या दुहेरी भिंतीत ओली वाळू भरून केलेली विजेविना शीतकोठी हाही एक मार्ग आहे. तीत काम करते ते बाष्पीभवन, आणि म्हणून तिला कोरडी हवा आणि रोजचे पाणी लागते. जेथे पाणीच डोक्यावरून आणावे लागते तेथे ते कोण आणील, हा प्रश्न तीतही शिल्लक राहतो.

माझा आग्रह या शेवटच्या प्रश्नाचा आहे. ‘ऊर्जा न लागणारी’ असे विशेषण आपण जुन्या कोठारांना मोठ्या कौतुकाने लावतो. यखचालला वीज लागत नव्हती हे खरे. पण पहाटे तळ्यावर उतरणारी माणसे लागत होती. अलाहाबादच्या खाचरांना ढोलाच्या आवाजाने जाग येणारी वस्ती लागत होती. पेवाला दिव्यामागून खाली उतरणारा हमाल लागत होता. त्यांच्या शरीरातली ऊर्जा हिशेबात धरलीच गेली नाही, म्हणून तो आकडा शून्य दिसतो. परंपरेचे गोडवे गाणारे आणि नव्या यंत्रांची जाहिरात करणारे, दोघेही या एका बाबतीत सारखीच चूक करतात.

याचा अर्थ जुने टाकून द्यावे असा नाही. ज्ञान त्या माणसांचेच होते. चिपाडे कोरडी ठेवावीत हे वेल्सला ज्यांनी नकळत शिकवले, ते अंधश्रद्ध किंवा मागास नव्हते. आकाश वाचणारे होते. त्यांचे ज्ञान आज घ्यायचे असेल तर ते घेताना त्यांचे कुडकुडणे गाळून टाकता येणार नाही. उद्या कोणी हरिपुरात किंवा नाशकात जमिनीखाली नवे शीतगृह बांधील, तेव्हा त्याच्या आराखड्यात भिंतीची जाडी, मातीची ओल, विजेचे युनिट हे सारे असेलच. आत उतरणाऱ्या माणसासाठी हवा किती वेळात बदलेल, तो किती वेळ आत राहील, त्याला काय मिळेल, हे आकडेही त्याच कागदावर हवेत.

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार पुन्हा वापराल तेव्हा त्या अरुंद तोंडातून आत सोडलेला दिवा आठवून पाहा. तो दिवा धरणारा माणूस आपल्या भाषेत नाही. वाक्प्रचारात फक्त कोठार आले आणि तो वरच राहिला.